पावसाळ्यात घोडीच्या पायाला चिखल्या : जूनपासून दसऱ्यापर्यंत काय काय केलं

मावळात घोडी पाळणारी घरं अजून बरीच आहेत. कुणाची वरातीची, कुणाची लोणावळ्यात पर्यटकांना फिरवणारी, आमच्यासारख्यांची बैलगाडा शर्यतीत गाड्यापुढे पळणारी. दर पावसाळ्यात यातल्या कितीतरी जनावरांच्या टापेच्या वर खपल्या धरतात, घोटा सुजतो, घोडी लंगडायला लागते. यालाच चिखल्या म्हणतात. मग जो तो आपापलं औषध सांगतो. 2025 च्या पावसाळ्यात आमच्या मैनेला हे झालं. ते बरं होईपर्यंत काय करावं लागलं, कुठे किती थांबावं लागलं आणि किती पैसे गेले, ते क्रमाने लिहिते आहे. ज्यांच्या दारात आज असं जनावर उभं आहे, त्यांना रात्री फोनवर शोधताना मराठीत काहीतरी हाताला लागावं, एवढ्यासाठी.

मैना तांबडी आणि पंचकल्याण, म्हणजे चारही पाय पांढरे आणि कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा. आप्पांनी तिला सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली. पंचकल्याण घोडं शुभ मानतात, त्याला बाजारात मोलही जास्त मिळतं. पण पांढऱ्या केसांखालची कातडी गुलाबी असते, आणि ओल असो की ऊन, दोन्ही त्या कातडीला लवकर बाधतात. पांढऱ्या पायाचं घोडं घेणाऱ्याने ही गोष्ट पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावी.

त्या वर्षी पाऊसच लवकर आला. 26 मेला मान्सून मुंबई-पुण्यात पोहोचला, नेहमीपेक्षा जवळजवळ दोन आठवडे आधी. यात्रांचा हंगाम पुरता आटपलाही नव्हता. दरवर्षी आम्ही मे अखेरीला गोठ्यापुढचं अंगण भरून घेतो, चर साफ करतो, छपराचे पत्रे बघतो. त्या वर्षी त्याला उसंतच मिळाली नाही. जूनच्या मध्यापर्यंत गोठ्याच्या तोंडाशी घोट्याएवढा चिखल झाला होता. मैना दिवसभर त्यात ये-जा करायची, आणि चिखल वाळायला मध्ये एकही कोरडा दिवस नव्हता.

पहिली खूण डोळ्यांना दिसली नाही, हाताला लागली. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी खरारा करताना मागच्या डाव्या पायाच्या टापेवरच्या खळग्यात बोटांना दाणे लागले. केस ओले होते, वरून सगळं ठीक दिसत होतं, पण आत बारीक खरखरीत रवा पेरल्यासारखं लागत होतं. म्हणून सांगते, पावसाळ्यात पाय नुसता बघू नका. रोज एकदा त्या खळग्यात बोटं फिरवा. घोडी पाय झटकते का, कातडी गरम लागते का, ते हातालाच कळतं.

आषाढी एकादशीच्या आठवड्यात खपल्या उघड दिसायला लागल्या. केसांचे झुपके चिकटून त्यांचे गठ्ठे झाले होते. डावा घोटा सुजला आणि ती तो पाय टेकवताना कचरायला लागली. उजव्या पायालाही सुरुवात होती. पुढचे पाय त्या मानाने बरे होते.

मग सल्ले सुरू झाले. शेजारचे तात्या म्हणाले, जळकं ऑइल लाव, बैलाला लावतो तसं. कुणी मोरचूद सांगितलं, कुणी चुना, कुणी फिनाईल. एकाने खुरकूत आहे म्हणून छातीठोक सांगितलं. तिथे आप्पांनी एक गोष्ट पक्की धरून ठेवली, की डॉक्टरने उघडी कातडी बघितल्याशिवाय पायाला काहीही लागणार नाही. हे किती उपयोगी पडलं ते पुढे कळलं. तेलाने माखलेल्या खपलीचा नमुना तपासायला फारसा कामाचा राहत नाही, आणि मोरचूद-फिनाईलने मुळात सोललेली कातडी आणखी भाजते. खुरकुतीचं म्हणाल तर तो दोन खुरांच्या जनावरांचा रोग आहे. गाय, बैल, शेळी, डुक्कर यांना होतो. घोड्याला होतच नाही.

सोमवारी 7 जुलैला मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. घोडी नेली नाही, फोनमध्ये फोटो नेले. डॉक्टर घटसर्प-फऱ्याच्या लसीकरणासाठी गावोगाव फिरत होते. पावसाळ्याच्या तोंडाशी हे असंच असतं, तेव्हा आधी फोन करून जावं. पशुधन पर्यवेक्षकांनी केसपेपर काढला, नाममात्र शुल्क घेतलं, फोटो बघितले आणि म्हणाले, "ताई, लंगडी घोडी चालवत आणू नका. 1962 ला फोन लावा, गाडी घरी येईल." हा टोल-फ्री क्रमांक फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा आहे. फोनवर गाव, तालुका, मालकाचं नाव, जनावर कोणतं आणि त्रास काय, एवढं विचारतात. "घोडीच्या पायाला जखम" असं मोघम सांगू नका. किती दिवसांपासून, कोणते पाय, सूज आहे का, खाणंपिणं कसं आहे, ताप मोजला का, हे सांगितलं की येणारी माणसं तयारीने येतात.

गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. डॉक्टर मॅडम वयाने लहान होत्या, पण त्यांनी पायाला हात लावण्याआधी बराच वेळ नुसते प्रश्न विचारले. घोडी शेवटची कुठे गेली होती? तिथे दुसरी घोडी होती का, पाण्याची बादली एक होती का? चरायला कुठे सोडता, तिथे घाणेरीचं (टणटणीचं) झुडूप आहे का? नाकातून काही येतं का? धनुर्वाताची लस कधी दिली?

घाणेरीचा प्रश्न मला आधी कळला नाही. त्यांनी समजावलं. घाणेरी खाल्ल्याने गुरांचं यकृत बिघडतं, आणि यकृत बिघडलं की गोरी कातडी उन्हात जळून सोलते. वरवर बघितलं तर तेही चिखल्यांसारखंच दिसतं. फक्त पांढऱ्याच पायांना त्रास असेल तर हे तपासावंच लागतं. ढग असले तरी दिवसाचा उजेड पुरतो, त्यामुळे पावसाळा आहे म्हणून ही शंका सोडता येत नाही.

त्यांच्या बोलण्यातून मला सगळ्यात महत्त्वाचं कळलं ते हे, की घोड्याच्या टापेवर खपल्या धरणं हा एक रोग नाही. ओलीने मऊ पडलेल्या कातडीत शिरणारा डर्मॅटोफिलस नावाचा जिवाणू असू शकतो. साधे पू करणारे स्टॅफिलोकॉकस असू शकतात. गजकर्णासारखी बुरशी असू शकते. खरजेचे किडे असू शकतात, ते दाट केसांच्या पायात जास्त. माशांनी जखमेवर टाकलेल्या जंताच्या अळ्या असू शकतात. एखाद्या औषधाची किंवा झाडपाल्याची ॲलर्जीही असू शकते. आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. किड्यांवर बुरशीचं मलम चालत नाही, बुरशीवर पेनिसिलीन चालत नाही. म्हणून शेजारच्या घोडीला ज्याने गुण आला त्याने आपल्याला येईलच असं नाही. शेजारची घोडी वेगळ्याच कशाने आजारी असू शकते.

मग त्यांनी हातमोजे घालून एक सैल खपली उचलली आणि मला दाखवली. वरून राखाडी, कोरडी, तिच्यातून केसांचा झुपका उभा. उलटी केली तर खालून खोलगट, ओली, आणि त्यात पिवळसर-हिरवट पू. केसांची मुळं त्या पुवातून आरपार आलेली. खालची कातडी लालभडक, लसलसती. एवढ्याशा खपलीखाली घोडी इतके दिवस काय सोसत होती, ते त्या क्षणी दिसलं. आप्पा तिच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी मान वळवली.

खपल्या त्यांनी कागदाच्या पाकिटात घेतल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. पिशवीत ओल धरते आणि नमुना कुजतो. किडे बघायला कातडी थोडी खरवडून घेतली. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि झाला की वाचवणं अवघड असतं, तेव्हा पायाची कुठलीही जखम दिसली की पहिला प्रश्न लसीचा.

निघता निघता त्यांनी डाव्या पायावरून हात वर नेला आणि आतल्या बाजूने मांडीकडे जाणारी एक जाडसर दोरी चाचपली. तिच्यावर दोन लहान गाठी होत्या, त्यातली एक फुटलेली. तिथे त्यांचा चेहरा बदलला. म्हणाल्या, "शक्यता कमी आहे. पण ग्लँडर्स नाही हे कागदावर आल्याशिवाय मी गप्प बसू शकत नाही."

ग्लँडर्स हे नाव घोडेवाल्यांना ठाऊक आहे, आणि ते ऐकलं की पोटात गोळा येतो. हा जिवाणूंचा रोग घोडा, गाढव, खेचर यांना होतो आणि माणसालाही होऊ शकतो. त्याचा एक प्रकार कातडीवर येतो, बहुतेक मागच्या पायांवर. रसवाहिन्या जाड होतात, त्यावर गाठी येतात आणि फुटतात. लस नाही. जनावरांतील संसर्गजन्य रोगांच्या 2009 च्या कायद्याखाली तो कळवणं बंधनकारक आहे, आणि जनावर बाधित ठरलं तर त्याच्यावर उपचार होत नाहीत. त्याला शांतपणे मारावं लागतं. साध्या चिखल्या चिघळल्या तरीही रसवाहिन्या सुजतात, गाठी येतात. डोळ्यांनी बघून दोन्हींतला फरक खात्रीने सांगता येत नाही. रक्तच तपासावं लागतं.

रक्त घेतलं. फॉर्म भरायला जवळजवळ रक्त घेण्याइतकाच वेळ गेला. मालकाचं नाव, पत्ता, मोबाइल, आधार, घोडीचं वय, लिंग, रंग, पांढऱ्या खुणा कुठून कुठपर्यंत, भोवरे कुठे. आमच्याकडे भोवरा शुभ की अशुभ यावर घोडी विकत घेताना तासभर खल होतो. फॉर्मला त्याचं देणंघेणं नाही, त्याला हवी होती ओळख. दोन तांबड्या पंचकल्याण घोड्यांमधली ही कोणती, हे भोवऱ्यांवरून ठरतं. तुमच्यावर ही वेळ आली तर चारही बाजूंनी, डोक्याचे आणि चारी पायांचे फोटो उजेडात काढून ठेवा आणि फॉर्मचाही एक फोटो काढून घ्या. नमुना क्रमांक हवा असतो तेव्हा तो फोटो कामी येतो. रक्तातलं पाणी वेगळं करून ते बर्फात ठेवून पुढे गेलं. ग्लँडर्सची खात्रीची तपासणी हरियाणात हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रात होते. आधी एलायझा नावाची रक्तचाचणी, आणि त्यात शंका आली तर आणखी एक चाचणी. तिथून उत्तर यायला दोन-तीन आठवडे धरा, असं मॅडमनी सांगितलं, आणि साधारण तेवढेच लागले.

खपलीचा निकाल मात्र दोन-तीन दिवसांत फोनवर आला. खपली कुटून, काचेवर पसरून, जिएम्सा रंग दिला की डर्मॅटोफिलसचे गोल कण दोन-दोन समांतर ओळींत दिसतात, रेल्वेच्या रुळांसारखे. तसे ते दिसले. किडे नव्हते, बुरशीही मिळाली नाही. म्हणजे खपल्यांचं कारण कळलं होतं. तरी गाठींचं उत्तर हिसारहून यायचं होतं.

ते आठवडे घराला जड गेले. मैना वेगळ्या पडवीत, बैल दुसऱ्या टोकाला. बैलांना ग्लँडर्स होत नाही, पण डर्मॅटोफिलस होतो, म्हणून वेगळं ठेवणं तसंही भागच होतं. तिची बादली वेगळी, घमेलं वेगळं, खरारा वेगळा. आईने लहान मुलांना गोठ्याकडे फिरकू दिलं नाही. मी आणि आप्पा सोडून कुणी आत जायचं नाही, जाताना हातमोजे आणि मास्क, बाहेर आल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे. आप्पा रात्री दोनदा उठून पडवीत बॅटरी मारून यायचे आणि काही न बोलता झोपायचे. गावात बातमी पसरली होती. कुणी आडून विचारायचे, कुणी सरळ. आम्ही सगळ्यांना खरं तेच सांगितलं, की तपासणीला रक्त गेलंय, उत्तर येईपर्यंत घोडी हलणार नाही, तुमची घोडी आमच्या दारावरून नेऊ नका. असं सांगताना जीव जड होतो. पण लपवलं तर दुसऱ्याचं जनावर आणि दुसऱ्याचं लेकरू धोक्यात येतं.

उपचार थांबले नव्हते. पुण्यात शर्यतीच्या घोड्यांमुळे फक्त घोडे बघणारे खासगी डॉक्टर मिळतात. त्यातल्या एकांना जुलैच्या मध्यावर बोलावलं, येण्या-जाण्यासकट 3,000 रुपये घेतले. त्यांनी मॅडमशी फोनवर बोलून मगच काम सुरू केलं, ते मला फार बरं वाटलं. मैनेला उभ्याने गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि मशिनने दोन्ही मागच्या पायांचे घोट्याखालचे केस काढले. गुंगी न देता हे करू नये. दुखरा पाय आहे, घोडी कितीही गरीब असली तरी लाथ बसते. केस निघाल्यावर पसारा केवढा आहे ते कळलं. जिथे चार खपल्या वाटत होत्या तिथे सगळा खळगा भरलेला होता. त्यांनी पेनिसिलीनचा कोर्स आणि सुजेवरचं औषध लिहून दिलं. औषधांची नावं-मात्रा मी इथे देत नाही, ती वजनावर आणि जनावरावर ठरते. रक्तात यकृतही तपासलं, ते ठीक निघालं.

आता धुण्याचं. सगळा खेळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आप्पा तोंडाशी उभे राहायचे. मी पायाच्या बाजूला, कधीच मागे नाही, आणि गुडघे टेकून नाही तर उकिडवी, म्हणजे पटकन सरकता येतं. एक हात सतत तिच्या मांडीवर, म्हणजे ती हलणार हे आधी कळतं. कोमट पाण्याने पाय ओला करायचा, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा फेस करून खपल्यांवर हलक्या हाताने चोळायचा आणि दहा मिनिटं तसाच ठेवायचा. ही दहा मिनिटं महत्त्वाची, औषधाला काम करायला तेवढा वेळ लागतो. मी घड्याळ लावून ठेवायचे. तेवढ्या वेळात खपल्या मऊ पडतात. मग ज्या बोटाच्या हलक्या दाबाने सुटतात त्याच काढायच्या. जी धरून बसली आहे ती उद्यासाठी सोडायची. कोरडी खपली ओढून काढली तर घोडीला यातना होतात, रक्त येतं आणि जखम नव्याने उघडते. निघालेल्या खपल्या गोठ्यात टाकायच्या नाहीत, कागदात गोळा करून जाळायच्या. त्या वाळक्या खपलीत जिवाणू महिनोन्महिने जिवंत राहतो आणि पहिल्या ओलीला पुन्हा उठतो.

मग भरपूर स्वच्छ पाण्याने फेस काढायचा, आणि मग पुसायचं. डॉक्टरांचं वाक्य होतं, "धुणं पाच मिनिटांचं, पुसणं पंधरा मिनिटांचं. पुसायला वेळ नसेल तर त्या दिवशी धुऊ नका." आईच्या जुन्या सुती लुगड्यांचे तुकडे केले होते. एका पायाला तीन-चार तुकडे लागायचे, दाबून-दाबून टिपायचं, घासायचं नाही, खळग्यात कोरडं बोट फिरवून बघायचं. वापरलेले तुकडे रोज उकळायचे. पावसात ते वाळायचे नाहीत, म्हणून चुलीवरच्या दोरीवर टाकायचो. पाय पुरता कोरडा झाला की सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम पातळ थरात. पट्टी नाही. ओल कोंडणारी कुठलीही गोष्ट नाही.

सुरुवातीला हे रोज, आणि खपल्या कमी झाल्यावर दिवसाआड. सतत धुण्यानेही कातडी मऊ पडून फाटते, तेव्हा डॉक्टर सांगतील तेव्हा धुणं कमी करायलाच हवं. तात्यांनी कडुनिंबाचा पाला उकळलेल्या पाण्याचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, त्याने बिघडणार नाही, पण त्याच्या भरवशावर औषध सोडू नका, आणि त्यानेही पाय धुतला तरी पुसावा लागेलच.

पण औषध कितीही चांगलं असलं तरी पाय परत चिखलात गेला की सगळं पाण्यात. जुलैच्या पावसात कोरडी जमीन आणायची कुठून, हा खरा प्रश्न होता. आधी पडवीभोवती हातभर खोल चर काढून पाणी शेताकडे वळवलं. मग मुरूम. ट्रॅक्टरवाला चिखलात ट्रॉली आणायला तयार नव्हता. शेवटी पाऊस थोडा उघडला तेव्हा 3,000 रुपये ट्रॉलीप्रमाणे तीन ट्रॉल्या आल्या, उन्हाळ्यात हाच दर बराच कमी असतो. पडवीत दोन रबरी चटया घेतल्या, 4,600 रुपये. त्यावर भाताचं तूस. आमच्याकडे इंद्रायणी भात, गिरणीत तूस स्वस्तात मिळतं. पेंढा अंथरायचो तो बंद केला, तो ओल धरून ठेवतो आणि मुताने कुजतो. तुसाला धूळ असते, म्हणून घोडी बाहेर असताना पसरायचं आणि धूळ बसल्यावर तिला आत घ्यायचं. ओलं झालेलं सकाळ-संध्याकाळ काढायचं. खरं सांगायचं तर पडवी कोरडी झाली त्या आठवड्यापासूनच पायाचा रंग बदलायला लागला.

औषधं, हातमोजे, कापूस मिळून पूर्ण पावसाळ्यात चार-साडेचार हजार गेले. खासगी डॉक्टर ऑगस्टमध्ये आणखी एकदा आले. मुरूम आणि चटया धरून सगळा खर्च वीस हजारांच्या वर गेला. यातला मोठा भाग जमिनीवर झालेला आहे, आणि तो पुढची काही वर्षं पुरेल.

नागपंचमीच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. "ताई, निगेटिव्ह." मी आप्पांना सांगायला शेतात गेले, लावणीची शेवटची खाचरं चालू होती. त्यांनी हातातली रोपं खाली ठेवली, चिखलाच्या हातांनीच नमस्कार केला आणि बांधावर बसून राहिले. मी लेखी अहवाल मागून घेतला आणि तो प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ठेवला. तो नुसता समाधानाचा कागद नाही. यात्रेला, बाजाराला घोडी नेताना ग्लँडर्सच्या तपासणीचा अहवाल मागतात, पण तो ताजा लागतो. जुना चालत नाही, तेव्हा हंगामाआधी पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते. ज्यांनी आडून विचारलं होतं त्यांनाही आम्ही तो कागद दाखवला.

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात खपल्या जवळजवळ गेल्या, दोरी बसली, घोटा उतरला. मग 15 ऑगस्टनंतर पावसाने पुन्हा झोड उठवली, आणि पुढच्या उजव्या पायाला, जो तोवर चांगला होता, दाणे लागले. या वेळी ते पहिल्याच संध्याकाळी हाताला सापडले. लगेच धुणं-पुसणं सुरू केलं, इंजेक्शन लागलंच नाही, आठवडाभरात पाय साफ झाला. लवकर सापडलं तर किती थोडक्यात निभावतं ते तेव्हा कळलं.

सप्टेंबरमध्ये ऊन पडायला लागलं आणि दोन नव्या गोष्टी सांभाळाव्या लागल्या. केस काढलेली गुलाबी कातडी उन्हात लाल व्हायला लागली, म्हणून दुपारी तिला सावलीतच ठेवलं. आणि माशा. उघड्या ओलसर जखमेवर माशा बसल्या की त्यांच्यातून जंताच्या अळ्या जखमेत जातात, आणि मग मांस वाढून अशी जखम होते की ती पावसाळाभर भरत नाही. शेण दोन्ही वेळेला लांब नेऊन टाकायचं आणि जिथे कातडी अजून पुरती भरलेली नाही तिथे डॉक्टरांनी दिलेला फवारा. केस परत येईपर्यंत हे चालू ठेवलं.

रोजच्या रोज आता काय करतो ते विचारतात, म्हणून सांगते. ती चिखलातून आली की नळी लावून पाय धूत नाही. चिखल वाळू देतो आणि मऊ ब्रशने झाडतो. फारच माखली असेल तर धुतो, पण मग पुसायचं पुरतं. पाय निरोगी, स्वच्छ आणि कोरडा असेल तेव्हाच बाहेर सोडताना झिंक ऑक्साइडचं मलम खळग्यात लावतो, म्हणजे पाणी आत मुरत नाही. आधीच ओल्या किंवा दुखऱ्या कातडीवर ते लावलं तर ओल आत कोंडते. ब्रश तिचा तिचाच, आठवड्याला जंतुनाशकात बुडवून उन्हात. नालबंद चाचा येतात तेव्हा त्यांना आधीच सांगतो की मागचा डावा पाय जास्त वेळ उचलून धरू नका. त्यांचे हात रोज कितीतरी घोड्यांच्या पायांना लागतात, म्हणून आधी हात धुवायला पाणी आणि साबण देतो. त्यांनी कधी वाईट वाटून घेतलं नाही. उलट पुढच्या गावात कुणाची घोडी अशी आहे ते तेच सांगतात.

भाद्रपदातल्या पोळ्याला बैल सजले तेव्हा मैना पडवीतच होती. दसऱ्याला, 2 ऑक्टोबरला, पूजेसाठी तिला अंगणात आणली. चालण्यात लंगड नव्हती. दुडकी चालवून बघितली, तीही सरळ. डॉक्टरांच्या सांगण्यावरून पळवायचं मात्र डिसेंबरपर्यंत थांबवलं, कारण भरलेली कातडी वरून चांगली दिसली तरी ताण आला की खळग्यात आडवी फाटते.

डाव्या पायावर रुपयाएवढ्या जागेत केस अजून विरळ आहेत. ते येतील न येतील, त्याने तिचं काही अडत नाही. चैत्रात मुरमाच्या आणखी दोन ट्रॉल्या सांगून ठेवल्या आहेत, दर वाढायच्या आत टाकून घेऊ. फिरत्या पथकाच्या मॅडमचं म्हणणं आहे की गावातल्या सगळ्या घोडेवाल्यांना मेमध्ये एकदा एकत्र बोलवा, त्या येऊन पाय तपासतील आणि धनुर्वाताच्या लसी एकाच दिवशी होतील. तात्यांनी नाव पहिलं लिहिलं आहे. आसपासच्या गावांतून कुणाला यायचं असेल तर आपापल्या दवाखान्यात आत्ताच विचारा, एप्रिलनंतर त्यांच्या गाड्या लसीकरणाला लागतात.